नव्या कॅमशाफ्टची पहिली वीस मिनिटं

जुन्या गाडीचं इंजिन काम करून घेतल्यावर नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला दांडा) खराब व्हायचाच असेल, तर त्याची सुरुवात बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी होते, पहिल्यांदा सेल्फ मारल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत. आपल्याला कळतं काही महिन्यांनी, टॅपेट, म्हणजे त्या उंचवट्यांवर बसून व्हॉल्व्हकडे ढकलणारे छोटे दंडगोल, वाजायला लागल्यावर. आणि आपल्याकडच्या गॅरेजांची रीत अशी की, नवं इंजिन आहे, अर्धा तास स्लोवर चालू द्या, रेस अजिबात देऊ नका. पिस्टन-रिंगांचं त्याने काय व्हायचं ते होवो, पण कॅमसाठी याच्याइतका वाईट सल्ला दुसरा नाही. मराठीत यावर लिहिलेलं फारसं सापडलं नाही, म्हणून आमच्या गाडीचं काय काय केलं ते क्रमाने लिहून ठेवते.

गाडी १९८३ची प्रीमियर पद्मिनी. आत्याची. ती इचलकरंजीत डॉक्टर होती आणि व्हिजिटला याच गाडीने जायची. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. गाड्यांचं शिक्षण शून्य, पण पाना हातात धरायची लाज नाही. पद्मिनीचं इंजिन मूळ फियाट ११००चं: चार सिलिंडर, १०८९ सीसी, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, त्याला चेनने फिरवायचं, त्यावर आठ टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, वर रॉकर आणि मग व्हॉल्व्ह. कॅम आणि टॅपेट यांच्यामध्ये रोलर वगैरे काही नाही, लोखंड थेट लोखंडावर घासतं. मध्ये असतो तो फक्त तेलाचा थर. या लेखातलं सगळं त्या थराबद्दलच आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये, दिवाळी झाल्यावर, गाडी चढावर दम टाकायला लागली. कार्बोरेटरमधून मधूनच फट्-फट् आवाज. टॅपेट ॲडजस्ट केले की चार दिवस बरं, मग पुन्हा टकटक. मिस्त्रींनी रॉकर कव्हर काढलं, प्लग काढले आणि पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. सात रॉकर व्यवस्थित उठत होते. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट रॉकर मात्र उठल्यासारखा करून खाली बसत होता. जळालेला वायू बाहेर पडायला पुरती वाट नाही, मग तो इनटेक उघडल्यावर कार्बोरेटरकडे मागे फिरतो, हा त्या फट्-फट् आवाजाचा अर्थ.

इंजिन उतरवल्यावर त्या जागचा कॅमचा उंचवटा जवळजवळ एक मिलिमीटरने झिजलेला निघाला. वाईट याचं वाटलं की हे इंजिन २०१६ मध्येच बांधलेलं होतं, आणि त्यानंतर आत्याने गाडी जेमतेम चालवली होती. तेव्हाच्या गॅरेजने बिलात नवा कॅमशाफ्ट लावला होता आणि तो खरंच नवा होता. टॅपेट मात्र जुनेच घातले होते. आठ टॅपेटचे पैसे वाचवले आणि कॅम घालवला.

हे कसं ओळखायचं ते इथेच सांगते, कारण त्याला कसलंही यंत्र लागत नाही. टॅपेट उलटा धरा, तळ वर. कंपासपेटीतली स्टीलची पट्टी त्या तळावर उभी ठेवा आणि उजेडाकडे धरून पट्टीखालून बघा. चांगला टॅपेट नावाला सपाट असतो, प्रत्यक्षात मध्ये केसभर फुगीर. पट्टी मधोमध टेकते आणि दोन्ही कडांना उजेडाची बारीक रेघ दिसते. आमच्या जुन्या आठांपैकी तिघांत उजेड मधोमध दिसला, म्हणजे तळ आत गेलेला. तिसऱ्या एक्झॉस्टच्या टॅपेटला तर पट्टीही नको, बोट फिरवलं की बशीसारखा खड्डा लागत होता. तो फुगीरपणा कशाला, तर बहुतेक अशा इंजिनांत कॅमचा उंचवटा किंचित तिरका घासलेला असतो आणि टॅपेटच्या मधोमध न टेकता जरा बाजूला टेकतो. त्यामुळे प्रत्येक उचलीला टॅपेट स्वतःभोवती थोडा फिरतो. फिरला की घर्षण एकाच रेघेवर राहत नाही. फिरायचा थांबला की दोघंही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून जुना टॅपेट नव्या कॅमवर कधीच नाही. जुनाच कॅम ठेवायचा असेल तर प्रत्येक टॅपेट ज्या घरातून काढला त्याच घरात परत गेला पाहिजे; काढताना अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबर घालून ठेवावेत.

नवा कॅम शोधायला फेब्रुवारीत मुंबईला गेले. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी दादर, तिथून कुर्ला, सीएसटी रोड. पद्मिनी ज्या कुर्ल्यात बनायची तिथेच तिचे सुटे भाग शोधत फिरायचं. पण बाजार आटत चालला आहे. एका दुकानदाराने सरळ सांगितलं, काळ्या-पिवळ्या टॅक्सी होत्या तोवर आमच्याकडे पद्मिनीचं सगळं होतं, आता मागणार कोण? (त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली आणि तीही रस्त्यावरून गेली. तेव्हा कोणाला इंजिन काम करायचं असेल तर भाग आधी जमवा, इंजिन नंतर खोला.) चौथ्या-पाचव्या दुकानात माळ्यावरून तेलकट कागदात गुंडाळलेला न वापरलेला कॅमशाफ्ट निघाला. ७,५०० रुपये, घासाघीस शून्य. कागद पूर्ण सोडवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मुंबईच्या दमट हवेत असे माल वर्षानुवर्षं पडून असतात आणि उंचवट्यावर गंजाचा एक ठिपका असला तरी तो कॅम कामाचा नाही. आमचा स्वच्छ होता, अंगावर फॉस्फेटचा मळकट काळा थर. तो थर घासून चकचकीत करायचा नसतो, तेल धरून ठेवायचं काम तोच करतो. आठ टॅपेट दुसऱ्या दुकानात मिळाले, ३५० रुपयाला एक. तिथेच पट्टी काढून आठही उजेडात बघितले. दुकानदार हसला, पण हसून झाल्यावर त्याने पट्टी मागून घेतली आणि स्वतःही एक बघितला.

इंजिनचं मशीनिंग कोल्हापूरच्याच उद्यमनगरात. रिबोअर-होनिंग (सिलिंडरची भोकं वाढवून आतून दगडाने घासणं) ४,८००, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंडिंग ३,२००. ब्लॉक देताना चिठ्ठी लिहून दिली: इंजिन नंबर कोरलेल्या जागेला हात लावायचा नाही, ग्राइंडर नाही, ब्लास्टिंग नाही. तो नंबर पुसट झाला तर आरटीओत जे भोगावं लागतं त्यापुढे इंजिनची दुरुस्ती सोपी. आठ दिवसांचं काम सांगितलं होतं, मार्च उजाडला. ब्लॉक आला तेव्हा दिसायला सुरेख, पण तेलाच्या वाटेत पांढरं फडकं तारेने आत घालून ओढलं तर काळं बाहेर आलं. होनिंगच्या दगडाची पूड. पेट्रोल-डिझेलने ती निघत नाही, नुसती पातळ होऊन पुढे सरकते. गरम पाणी, भांड्यांचा साबण, बाटल्या धुवायचे लांब ब्रश, आणि मग कॉम्प्रेसरची हवा. पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत हे करायचं. माझं अंगण आठवडाभर गॅरेज झालं होतं. धुतल्यावर लगेच तेलाचा हात फिरवा, नाहीतर सकाळपर्यंत बोअर तांबूस होतात.

पिस्टन-रिंगा ८,५००, बेअरिंगं २,६००, टायमिंग चेन १,४००, गॅस्केटचा संच १,३५०. हे झटपट मिळालं.

तेलाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण ती माझ्या विषयात येते. इंजिन ऑइलमध्ये झिंक आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन घालतात, झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट. बोलताना सगळे नुसतं ‘झिंक’ म्हणतात. दाब आणि उष्णता वाढली की ते धातूवर एक पातळ कठीण पापुद्रा तयार करतं. तेलाचा थर फाटला तर धातू आणि धातूच्या मध्ये तोच उभा राहतो. सपाट टॅपेटच्या इंजिनाला नेमकी त्याची गरज, पहिल्या तासात तर फारच. पण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग) निकामी करतो, म्हणून नव्या गाड्यांच्या पातळ तेलांत, म्हणजे ५डब्ल्यू-३० वगैरे, एपीआय (अमेरिकेची पेट्रोलियम संस्था) एसएन-एसपी दर्जाच्या डब्यांत, त्याला ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. दुकानात ‘सगळ्यात भारी’ म्हणून जो फुल सिंथेटिकचा डबा पुढे करतात तो हाच. आपल्या गाडीला कन्व्हर्टरच नाही, तेव्हा तो भारीपणा आपल्या कामाचा नाही. मी घेतलं डिझेल इंजिनांसाठीचं साधं मिनरल १५डब्ल्यू-४०, एपीआयच्याच सीआय-४ प्लस दर्जाचं. त्यात झिंक-फॉस्फरस भरपूर असतं आणि ते ट्रकवाल्यांच्या कृपेने कुठेही मिळतं. साधं २०डब्ल्यू-५० मिनरलही चाललं असतं. वर आणखी झिंकच्या बाटल्या ओतायच्या भानगडीत पडले नाही. प्रमाणाबाहेर गेलं की ते रसायन धातूलाच त्रास देतं.

एप्रिलमध्ये बांधणी. मिस्त्रींचा हात साफ आहे, ते काम करताना बघत बसावं असा. कॅमच्या प्रत्येक उंचवट्याला आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट, बोटाने चोळून, एक बिंदू कोरडा न ठेवता. टॅपेटच्या अंगाला मात्र पेस्ट नाही, फक्त इंजिन ऑइल, कारण अंगाला चिकट काही लागलं तर तो घरात फिरायला कुचराई करतो. सगळं बसल्यावर पुशरॉडच्या वरच्या टोकांना मार्करने एकेक ठिपका दिला आणि इंजिन हाताने सावकाश फिरवलं. ठिपके जागा बदलत होते, म्हणजे टॅपेट फिरत होते. एक पुशरॉड हटून बसला होता. तो टॅपेट बाहेर काढून घरातली बारीक कणी साफ केली, परत घातला, मग तोही फिरला. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि फुकट आहे.

(आमच्या कॅमला मूळचेच स्प्रिंग आहेत. कोणी जास्त उचलीचा कॅम आणि दुहेरी कडक स्प्रिंग बसवत असेल तर पहिल्या चालवण्यापुरते आतले स्प्रिंग काढून ठेवतात, म्हणजे कॅमवरचा भार कमी होतो. नंतर परत बसवायचे.)

इंजिन गाडीत बसलं मेच्या पहिल्या आठवड्यात. आता मिस्त्रींशी खरी बोलणी सुरू झाली. त्यांचं म्हणणं, “ताई, नवं इंजिन हाय. बारीक आवाजात चालू दे की घटकाभर. असं बोंबलत ठिवल्यावर रिंगा उडतील.” मी म्हटलं, मिस्त्री, कॅमला तेल कुठून मिळतं ते सांगा. ते म्हणाले, क्रँक उडवतो त्याचं. बरोबर. क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांतून निसटणारं तेल फिरत्या क्रँकने भिरकावलं जातं, त्यातलं जे वर उडतं तेच उंचवट्यांना मिळतं. स्लोवर, सातशे-आठशेच्या फेऱ्यांत, किती उडणार? शिवाय कॅमच्या शेंड्यावरचा दाब स्लोवरच जास्त असतो. वेग वाढला की वर फेकला गेलेला व्हॉल्व्ह आपल्याच वेगाने स्प्रिंगचा काही भार पेलतो आणि शेंडा थोडा हलका होतो. म्हणजे स्लोवर तेल कमी आणि दाब जास्त, दोन्ही एकाच वेळी. मिस्त्री ऐकत होते, पटत नव्हतं. मग तो खड्डा पडलेला जुना टॅपेट त्यांच्या तळहातावर ठेवला. बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. “असलं दोन गाड्यांत बघितलंय मी,” म्हणाले, “आम्ही मालाला शिव्या दिल्या.” पुढचं बोलणं सोपं झालं.

ठरलं ते असं. इंजिन एकदा सुरू झालं की लगेच दोन हजारांवर न्यायचं, वीस-पंचवीस मिनिटं अठराशे ते अडीच हजारांच्या मध्ये खालीवर ठेवायचं आणि स्लोवर एकदाही आणायचं नाही. काही बिघडलं तर स्लो करून बघत बसायचं नाही, सरळ चावी बंद. दुरुस्त करून पुन्हा सुरू केलं की पुन्हा थेट दोन हजार, आणि उरलेली मिनिटं पुरी करायची. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे वीस मिनिटांत साधारण वीस हजार फेऱ्या. तेवढ्यात दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसतात.

आणि सुरू व्हायचं तर पहिल्या सेल्फला सुरू व्हायला हवं. घरघर घरघर करत सेल्फ मारत बसलं की उंचवट्यावरची पेस्ट पुसली जाते आणि तिच्या जागी तेल काही येत नाही. म्हणून तयारी सुरू करायच्या आधीच सगळी संपवायची. डेल्को (प्लगांना क्रमाने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर, पॉइंट त्याच्यातच असतात) जागेवर, टायमिंग बल्ब लावून जुळवलेलं: बारा व्होल्टचा बल्ब कॉइलच्या पॉइंटकडच्या टोकाला आणि बॉडीला जोडायचा, चावी चालू करून डेल्को सावकाश फिरवायचा, पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-३-४-२, वायरींना चिकटपट्टीवर नंबर. कार्बोरेटरचं भांडं इंजेक्शनच्या सिरिंजने पेट्रोलने भरलेलं. स्लोचा स्क्रू आधीच आत फिरवून ठेवलेला, म्हणजे इंजिन पेटताच आपोआप वर जाईल. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी घासून घट्ट. पद्मिनीला आरपीएम मीटर नसतं, म्हणून ओळखीच्या गॅरेजमधून कॉइलला चिमटा लावायचा मीटर एका दिवसासाठी आणला. तेलाचा दिवाही पुरेसा नाही. तो विझला म्हणजे दाब ‘आहे’ एवढंच कळतं, किती ते कळत नाही. त्याच्या स्विचच्या जागी साधा काट्याचा गेज बसवला.

त्या स्विचच्या भोकाचा आणखी एक उपयोग आहे, आणि या सगळ्या उपद्व्यापातली मला सर्वात आवडलेली गोष्ट तीच. इंजिन न फिरवता त्याच्या सगळ्या वाटांत तेल भरायचं होतं. त्यासाठी शेतीच्या दुकानातून पाच लिटरचा हाताने हवा भरायचा फवारणी पंप आणला, ९०० रुपये. कोराच हवा, औषध मारलेला नको. उद्यमनगरात लेथवर स्विचच्या आट्यांशी जुळणारा पितळी निपल काढून घेतला, २५० रुपये, त्यावर पंपाची नळी क्लिपने आवळली. तेलाचा डबा सकाळपासून मेच्या उन्हात ठेवला होता, म्हणजे तेल पातळ. पंपात तेल, दट्ट्या मारून हवा, आणि खटका दाबला. आधी काही मिनिटं काहीच नाही. मग ब्लॉकच्या आत कुठेतरी गुळगुळ. मिस्त्री पाना घेऊन पुली सावकाश फिरवत होते, कारण काही इंजिनांत रॉकरकडे जाणारं तेल कॅमच्या जर्नलमधल्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागातल्या) भोकातून जातं आणि भोक समोरासमोर आल्याशिवाय पुढे सरकत नाही. रॉकर कव्हर उघडंच होतं. पहिल्यांदा मधल्या रॉकरपाशी तेलाचा एक मणी फुगला, मग त्याच्या शेजारी, आणि बघता बघता आठही ओले. सर्वात मागच्याला वेळ लागला. चुकून इंजिनात जास्त तेल गेलं असेल म्हणून कांडी बघून पातळी ठीक करून घेतली. हे काम सुरू करायच्या दिवशीच करायचं, आठवडाभर आधी केलं तर तेल परत खाली उतरतं.

१४ मे २०२३, रविवार. सकाळी आठची वेळ घेतली, ऊन चढायच्या आत. गाडी उघड्यावर, धुरासाठी. उभ्या गाडीला वारा मिळत नाही, म्हणून रेडिएटरसमोर घरातला उभा पंखा. बाजूला पाण्याची नळी चालू ठेवलेली आणि शेजाऱ्यांकडून आणलेला अग्निशामक सिलिंडर. भाचा आरपीएम मीटरपाशी, मिस्त्री इंजिनपाशी, मी चावीशी, मांडीवर वही. शेजारच्या काकूंना आदल्या दिवशीच सांगून आले होते की अर्धा तास आवाज होईल. हे कराच. मध्येच कोणी येऊन “अहो बंद करा” म्हटलं तर पंचाईत.

चोक ओढला, सेल्फ मारला. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच पेटलं आणि तसंच वर चढलं. आवाज मोठा, एक्झॉस्टवर चढलेल्या तेलाचा धूर त्याहून मोठा. भाचा ओरडला, “एकवीसशे!” तेलाच्या गेजचा काटा साडेतीनवर. मी चोक आत ढकलला. माझे हात घामाने ओले झाले होते आणि मी वहीत वेळ लिहायची विसरेन म्हणून मोठ्याने म्हटली, आठ वाजून बावीस मिनिटं.

पहिली काही मिनिटं फार लांब असतात. नव्या इंजिनाला असं ताणताना ऐकवत नाही. मिस्त्रींचा हात सवयीने दोनदा स्लोच्या स्क्रूकडे गेला आणि दोनदा परत आला. मी दर मिनिटाला पॅडल थोडं दाबून-सोडून वेग अठराशे ते अडीच हजारांत फिरवत होते, म्हणजे तेलाचे तुषार एकाच जागी पडत राहू नयेत. अकराव्या मिनिटाला रेडिएटरच्या वरच्या होजच्या क्लिपमधून पाणी ठिबकायला लागलं. चावी बंद. कोणी स्लो केलं नाही. क्लिप आवळली, कमी झालेलं पाणी जरा थांबून, टोपीवर जाड फडकं धरून भरलं, आणि पुन्हा सेल्फ. थेट दोन हजार. उरलेली चौदा मिनिटं विनाविघ्न गेली. धूर विरला, काटा तीनच्या खाली आला नाही, टॅपेटचा आवाज एकसारखा, कुठे वेगळी टकटक नाही. पंचविसाव्या मिनिटाला बंद करून मिस्त्री म्हणाले, “आता मारू का स्लो?” आता मारा. स्क्रू मागे घेतला आणि इंजिन सातशेवर असं बसलं की भाच्याला मीटर बघूनच खात्री करावी लागली.

गरम असतानाच तेल काढलं. ते राखाडी आणि गढूळ निघतं, घाबरू नका, ती पेस्ट असते. लोहचुंबक कापडात गुंडाळून तेलात फिरवायचा. बारीक काळसर लेप लागला तर ठीक, हाताला लागतील अशा चकचकीत कपच्या निघाल्या तर इंजिन परत खोलायचं. फिल्टर कापून कागद उलगडून बघितला, कपची नाही. नवा फिल्टर, त्याच प्रकारचं नवं तेल चार लिटर, टॅपेटचे गॅप (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) थंड इंजिनावर दुसऱ्या दिवशी. दोन वेळचं तेल ३,२०० आणि मिस्त्रींची मजुरी १८,००० धरून सगळा खर्च ५५ हजारांच्या आत बसला. पुढे पाचशे किलोमीटरला तेल पुन्हा बदललं. तोवर गाडी पन्हाळ्याच्या रस्त्याला नेत होते, चढावर भार आणि उतारावर पॅडल सोडून, रिंगा बसाव्यात म्हणून. एकाच वेगाने हायवेवर पळवायची नाही.

हे सगळं उन्हाळ्यातच उरकायच्या घाईचं कारण कागदांचं होतं. गाडीचं रजिस्ट्रेशन ८ जुलै २०२३ला संपत होतं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, फॉर्म २५. अर्ज मुदत संपायच्या आधी साठ दिवसांच्या आतच घेतात, त्याआधी नाही, आणि उशीर झाला तर खाजगी मोटारीला दरमहा ५०० रुपये जादा. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० झाली होती, वर पेट्रोल गाडीचा पर्यावरण कर तेव्हा पाच वर्षांचा ३,००० होता. (पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेजचे वेगळे नियम आले, पण आमची त्यात बसत नाही आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज रस्त्यावर वापरताही येत नाही.) अर्ज ऑनलाइन, गाडी प्रत्यक्ष दाखवायला तारीख मिळते. विमा आणि पीयूसी चालू लागतात. पीयूसीला जायच्या आधी कार्बोरेटर नीट लावून घ्या, या वयाच्या गाड्यांना स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत लागतो. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घरीच काढून न्या, तिथे रांगेत बॉनेट उघडून कागद घासत बसणं त्रासाचं. साहेबांनी चेसिस नंबर बघितला, मग टॉर्च मागून इंजिन नंबर. सगळे आकडे स्वच्छ वाचता येत होते, तेव्हा मशीनवाल्याला लिहून दिलेल्या त्या चिठ्ठीचं सार्थक झालं. “इंजिन बदललं का?” विचारलं त्यांनी, इतकं स्वच्छ दिसत होतं म्हणून. नाही, तेच आहे, काम केलंय, म्हटलं. मशीनिंगची आणि सुट्या भागांची बिलं फायलीत होती, त्यांनी ती चाळली. आरसी पुढची पाच वर्षं.

गेल्या महिन्यात टॅपेटचे गॅप पुन्हा तपासले. आठही जिथे ठेवले होते तिथेच आहेत. रॉकर कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून मात्र तेल झिरपतं, ते गॅस्केट बदलायचं आहे. पितळी निपल आणि फवारणी पंप धुऊन ठेवले आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे कोणी पद्मिनीचं इंजिन बांधत असेल तर घेऊन जा, फक्त परत आणून द्या, कारण मिस्त्रींनी पुढच्या गिऱ्हाइकासाठी सांगून ठेवला आहे.